येसूच्या दारात गौर थांबली

एक होतं घर. घर कसलं मेलं, चार काळ्या भिंती अन् वर पेंढा! ए गोट्या, आधी पाय पांघरुणात घे, मग सांगते.

तर त्या घराला लागली होती आग. चूल, चाळण, पाळणा, सगळं जळून गेलं. उरली कोण? येसू, तिचा नवरा आणि म्हातारी सासू बयोआई. बयोआई डोळ्यांनी अधू, पण मनानं लोणी. तिला पोटची लेक नव्हती बरं का. वर्षातून एकदा गौर यायची, तीच तिची लेक. आगीच्या वर्षी गौर आणली नाही. पुढच्या वर्षी घरात टेकायला पाट नव्हता, म्हणून आणली नाही. आणि त्या गावात म्हणत, तीन वर्षं उंबरा चुकला की गौर त्या घराची वाट विसरते. कायमची! म्हातारी रोज विचारायची, "येसू, यंदा येईल ना गं माझी लेक?"

मग येसूनं पदर खोचला. गावानं टाकलेलं एकेक वेचून आणलं. भेगाळलेला रांजण मिळाला, त्याची भेग चुना-गुळानं बुजवली. रद्दी कागद भिजवले, त्यात मेथ्या वाटून घातल्या, कुटून कुटून लगदा केला आणि पालथ्या टोपलीवर थापून दुरडी केली. मग घरोघरच्या जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, झबल्यांच्या चिंध्या मागून आणल्या आणि गोधडी शिवली. टाके असे बारीक, की बघत राहावं.

गौरीचा दिवस आला. शेजारची तानीकाकू डोकावली. म्हणाली, "अगो बाई! गौरीला हे दाखवणार? लोकांच्या उकिरड्यावरचं?"

येसूचं तोंड एवढंसं झालं. गौर घरभर फिरवतात ना, ही बघ तुझी चूल, हे बघ तुझं कोठार, असं दाखवत! मग तिनं काय करावं? तानीकाकूकडूनच पितळी घागर, मोठा डबा आणि भरजरी शाल उसनी आणली. घागर ठेवली दाराशेजारच्या रांजणापुढे, डबा दुरडीपुढे, शाल घातली गोधडीवर, आणि बयोआईला सांगितलं, हे आपलंच. वेडी कुठली!

मग ती नदीवर गेली. चूळभर पाणी तोंडात धरलं. गौर घरात बसेपर्यंत बोलायचं नाही, तशी रीतच. पाच खडे तबकात घेतले, तीच त्यांची गौर, आणि आली. दारात बयोआईनं तिच्या पायांवर दूध-पाणी घातलं आणि चाचपडत पुढे झाली.

"ये गं बये. ही बघ आपली घागर."

आपली म्हटलं मात्र, आणि तबक जड झालं! पाट्यावरवंट्याएवढं जड! येसूचे गुडघे वाकले. पाऊल म्हणून उचलेना. बोलणार कशी, तोंडात पाणी! गौर उंबऱ्यातूनच परत निघाली, या भीतीनं तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. आणि मग तिला उमगलं. तिनं कोपरानं घागर बाजूला सारली. मागचा रांजण दिसला. तबक लगेच हलकं झालं! आणि काय आश्चर्य, रांजणातलं पाणी आपोआप काठापर्यंत चढलं. कान देऊन ऐका हं. ज्यांनी ज्यांनी त्या रांजणातलं पाणी पिऊन तहान भागवली होती, त्या साऱ्यांचं "आहाहा" आतून ऐकू आलं!

मग कोठाराशी गेल्या. "हा बघ आपला डबा." तबक पुन्हा जड! येसूनं गुडघ्यानं डबा सरकवला. दुरडीत होतं मूठभर भाताचं बी, तेवढंच. बघता बघता त्याला कोंब फुटले, हिरवीगार रोपं डुलायला लागली. बयोआईनं वास ओढला. "येसू, शेत आत आलं की काय गं?"

तिसऱ्यांदा म्हातारी तोंड उघडायच्या आत येसूनं पायाच्या अंगठ्यानं शाल ओढून टाकली. शहाणी झाली होती आता! आणि काय सांगू बाळांनो, तुकड्यातुकड्यातून वास सुटला. कुठं हळदीचा, कुठं कापणीच्या घामाचा, कुठं तान्ह्याच्या दुधाचा. लुगड्यांवरची फुलं खरी होऊन उमलली. अख्खं गाव त्या गोधडीत जागं झालं. दारात उभ्या तानीकाकूनं तोंडावर हात ठेवला. "अगो, हे तर माझ्या बाळाचं झबलं!" म्हणाली आणि घळाघळा रडली.

येसूनं खडे गोधडीवर ठेवले आणि तोंडातलं पाणी अंगणात टाकून आली. म्हणाली, "आत्याबाई, ही घागर, हा डबा, ही शाल उसनी हो. आपलं आहे ते लोकांनी टाकलेलं. मी लपवलं, म्हणून ती अडली."

"कुठंय माझी बयो?" म्हातारीनं हात पुढे केला. येसूनं तो खड्यांवर ठेवला. नदीच्या तळातले खडे ते, गार असायला हवे होते. पण ते कोमट होते रे, झोपेतून उठलेल्या लेकराच्या गालासारखे. बयोआई कितीतरी वेळ त्यांच्यावरून हात फिरवत राहिली.

"दमलीस का गं चालून?" तिनं विचारलं. "नीज हो इथंच. घर तुझंच आहे."

त्या घराला गौर पुढे कधी चुकली नाही. सगळी सुखानं नांदली. आता तुम्हीही निजा. आणि गोट्या, पाय!