दरीपलीकडचं लेकरू

घाटातल्या एका जंगलात, खोल दरीच्या काठावर, वानरांची एक टोळी राहत असे. टोळीचा नियम एकच होता : आधी उडी, मग पाला. रोज सकाळी या काठच्या जांभळीवरून त्या काठच्या उंबरावर जायचं, परत यायचं, आणि मगच तोंड हलवायचं. टोळीत एक वानरी होती. तिला घाटरस्त्याची चटक लागली. तिथं गाड्या थांबत. लोक भजी फेकत, बिस्किटं फेकत. बाई कठड्यावर बसून खायची आणि तिथंच डुलकी काढायची. पोटाशी तान्हं लेकरू.

धाकटी बहीण म्हणायची, "ताई, चल की उडीला!"

"उद्या येते गं. आज अंग जड झालंय."

पोरांनो, अंग आज जड असतं, ते उद्या आपोआप हलकं कसं होईल? पण हे तिला कोण सांगणार! सांगितलं तर चावायला धावायची.

उन्हाळा आला. झरा आटला. रस्त्यावर गाड्या थांबेनात. पाणी आणि कोवळा पाला आता फक्त पलीकडे. दरीचे कडे सरळ तुटलेले, खाली उतरायला वाट नाही. वानरी घाबरली आणि तिनं खाणंच सोडलं. म्हातारी वानरी म्हणाली, "अगं मूर्ख बाई, उपाशी राहून उडी येते का? थोडा थोडा पाला खा. त्या बुटक्या फांदीवरून पोरांबरोबर उड्या मार. आम्ही थांबू तुझ्यासाठी, जमेल तेवढं."

"पोरांबरोबर? मला हसतील ती!"

"हसू देत. हसण्यानं कुणी मरत नाही."

तिनं ऐकलं नाही. उपाशीच राहिली. पोट तेवढंच राहिलं, हातापायांतला जोर मात्र गेला. टोळी थांबली, थांबली, आणि शेवटी पलीकडेच राहायला निघाली. थांबणार तरी किती? बाकीच्यांचीही पिल्लं तहानेनं कळवळत होती.

वानरी जांभळीच्या टोकाला गेली. फांदी करकरली. खाली दरी. ती मागे सरकली आणि बहिणीला म्हणाली, "याला तू ने."

"आणि तू, ताई?"

"येते मी मागून."

बहिणीनं लेकरू पोटाशी धरलं आणि उडी मारली. पलीकडे पोचल्यावर लेकरानं मागे बघून जी किंकाळी फोडली, ती सगळ्या दरीत घुमली.

या काठाला एकटीपुरतं गढूळ पाणी एका डबक्यात उरलं होतं. वानरी आता बेतानं खाऊ लागली. रोज बुटक्या फांदीवरून उड्या मारू लागली. हसायला तिथं कुणी नव्हतं. अंग उतरत होतं, पण हळूहळू. पलीकडून रोज सकाळी लेकरू हाक मारायचं. पुढं पुढं एक दिवसाआड. मग एक सकाळ अशी आली, की हाक आलीच नाही. वानरीनं उंबराकडे पाहिलं. लेकरू मावशीच्या पाठीवर बसून मजेत पाला खात होतं. त्यानं इकडे पाहिलंसुद्धा नाही.

तात्पर्य : अंगावर चढलेलं मांस उपास करून चार दिवसांत उतरत नाही, रोज बेतानं खाऊन, रोज अंग हलवूनच ते सावकाश उतरतं. गरज पडल्यावर सुरुवात करणाऱ्याचं अंग उतरतं, पण गेलेलं परत येत नाही.