सात पावलांची राणी
एका राज्यात अरिकेसरी नावाचा राजा होता. त्याला कुणी शेजारी बसलेले खपत नसे. राणी मृगावतीचे आसनही सिंहासनापासून सात पावले दूर. सतरा वर्षे ती तिथेच बसली आणि राजाला त्यात काही वावगे वाटले नाही.

एकदा कालकंठ नावाचा मांत्रिक दरबारात आला तो थेट राजाशेजारी जाऊन बसला. राजाने त्याला हाकलले. मांत्रिक खवळला, त्याने भस्म फुंकले आणि राणीच्या जागी शंभर साळुंक्या फडफडल्या.

“यातली एक तुझी राणी. तीनदा ओळख. तिन्हीदा चुकलास, तर ती कायमची साळुंकी!”

राजाने पहिल्यांदा राणीचे माहेर विचारले. शंभरही जणींनी बरोबर सांगितले. दुसऱ्यांदा एकेकीला तळहातावर घेऊन निरखले. दोन्ही वेळा चुकला. अन्नपाणी सुटले.

तेव्हा भागू रंगारीण पुढे आली.

“महाराज, एकेकटा पाहिला तर कुठलाही काळा रंग काळाच. दोन काळे शेजारी धरले की एक निळसर दिसतो, एक तांबूस. आम्ही त्याला जोडीला लावणं म्हणतो.”

“मग साळुंक्या एकमेकींच्या जोडीला लावू?”

“त्या साऱ्या एकाच हंडीत रंगवल्यासारख्या. आपल्या स्वतःच्या जोडीला लावा.”

दरबार चपापला. राजा मात्र सिंहासनावरून उतरला आणि जमिनीवर बसला. एकेक साळुंकी त्याच्याजवळ सोडली. कुणी गुडघ्यावर बसली, कुणी मांडीवर, सगळ्या खुशाल. एक तेवढी मागे मागे सरकली. सात पावले मोजून थांबली आणि मान खाली घालून बसली.

राजाला भडभडून आले. लांबून बोट दाखवले असते तरी चालले असते, पण त्याने तसे केले नाही. तो उठला, सात पावले चालला, तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, “हीच माझी मृगावती.”

शाप तुटला. नव्याण्णव साळुंक्यांचा पाचोळा झाला आणि राणी उभी राहिली. राजाने तिला हाताला धरून सिंहासनावर आपल्याशेजारी बसवले. लोकांनी दोघांना असे प्रथमच पाहिले. राजाचा चेहरा तुकतुकीत, तर राणीचा ओढलेला, थकलेला. राजानेही वळून पाहिले आणि तो चरकला.

“राणी, इतकी थकलीस? मला कसं दिसलं नाही?”

“आपण कधी जवळ बसलातच नाही, महाराज.”

राजा थोडा सरकला आणि तिला ऐसपैस जागा करून दिली.