उत्तियाचा अडखळलेला जप

माझी शाळा सातवीतच सुटली. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, आणि माझे शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. कथा मात्र मनापासून सांगतो.

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथे मंत्र शिकवणारा आचार्य होऊन राहत होता. त्याच्याजवळ एक मंत्र होता. त्याची भाषा इतकी जुनी, की नगरात ती कुणालाच कळत नसे. घरात कुणी आजारी पडले की जवळच्या माणसाने आंघोळ करून पूर्वेच्या भिंतीशी दिवा लावायचा, आजाऱ्याकडे पाठ करून बसायचे आणि डोळे मिटून तो मंत्र जपायचा. दिव्यातले तेल संपेपर्यंत उठायचे नाही, बोलायचे नाही, मागे वळायचे नाही. हा नियम आचार्याचा नव्हता, त्याचा मोठा शिष्य कालक याने तो घातला होता. पण त्या नियमाने आचार्याचा मान वाढला, आणि आचार्य गप्प राहिला.

त्याच नगरात उत्तिय नावाचा नावाडी होता. त्याची बायको बाळंतपणात गेलेली. मुलगी सुमना नऊ वर्षांची. ज्येष्ठात तिला ताप भरला, तो चार दिवस उतरेना. पाचव्या दिवशी सकाळी उत्तियाने दिवा लावला आणि तो जपाला बसला.

थोड्या वेळाने मागून हाक आली. "बाबा."

उत्तिय जपत राहिला.

"बाबा, इकडं बघ ना."

त्याचा जप एका शब्दावर अडखळला. पण त्याने डोळे उघडले नाहीत, तो शब्द पुन्हा घेतला आणि पुढे गेला. तिसरी हाक आली ती फार हळू होती.

दुपारी दिवा विझला. उत्तिय वळला. सुमनाचे हात गार पडले होते. तिचे तोंड त्याच्या पाठीकडे होते.

त्या दिवसापासून उत्तियाने वल्हे हातात घेतले नाही. नाव काठावर उन्हात पालथी पडून राहिली. शेजारचा नावाडी मातली येताजाता टोमणा मारी, "उत्तिया, फळ्या तडकल्या बघ. तुला नको असंल तर मला दे, कोंबड्या तरी कोंडीन." मग मातली जवळ बसून हळूच म्हणे, "दोन घास खा रे." तो अन्नाला हात लावत नसे.

त्याच्या मनात एकच प्रश्न होता. आपला जप अडखळला म्हणून पोरगी गेली का? याचे उत्तर त्याला आचार्याच्या तोंडून हवे होते. आचार्य हो म्हणाले, तर त्याला पुढे जगायचे नव्हते.

आषाढी पौर्णिमेला राजा आश्रमात आला. आचार्याला एक गाव इनाम मिळणार होते आणि पांढरे छत्रही. मोठी गर्दी जमली होती. उत्तिय तिच्यातून वाट काढत पुढे जाऊन उभा राहिला.

"आचार्य, एक विचारायचंय."

कालक म्हणाला, "नावाडीदादा, आज मंगल दिवस आहे. तुझं रडगाणं उद्या ऐकू." दोघेचौघे हसले.

"बोलू दे त्याला," आचार्य म्हणाला.

उत्तियाने सगळे सांगितले. हाक सांगितली, अडखळलेला शब्द सांगितला. "म्हणून गेली का ती?"

"दुसरं काय?" कालक चटकन म्हणाला. "जप मोडला की फळ जातं. त्यात मंत्राचा काय दोष?" राजाने मान डोलावली.

बोधिसत्त्वाने उत्तियाच्या तोंडाकडे पाहिले. आता नुसते गप्प बसले तरी गाव मिळत होते, छत्र मिळत होते, मंत्राचे नाव राहत होते. आणि पोरीच्या मरणाचे सगळे ओझे या एका नावाड्याच्या डोक्यावर जाणार होते.

"नाही," तो म्हणाला. "ती तापानं गेली. या मंत्रानं कुणाचा ताप उतरत नाही. ज्यांचा उतरला, त्यांचा आपोआप उतरला."

सभेत कुजबुज सुरू झाली. उत्तियाने विचारले, "मग जप कशाला करायचा?"

"मंत्राचा अर्थ एवढाच आहे, 'जो भ्यालेला आहे, त्याच्याजवळ मी आहे.' म्हणताना मन त्याच्याजवळ न्यायचं, आणि मनामागून आपणही जायचं. मन पुन्हा पुन्हा पळतं, म्हणून मंत्र पुन्हा पुन्हा म्हणायचा. तुझा शब्द अडखळला, तेवढ्यापुरता तुझा जप खरा होता."

उत्तियाने ते शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिले. मग म्हणाला, "म्हणजे मी उठायला हवं होतं."

"हो."

"आणि तुम्हाला हे ठाऊक होतं."

"ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. न कळणाऱ्या शब्दांना लोक जास्त नमस्कार करतात. ते मला बरं वाटत होतं."

उत्तियाच्या मनावरचा पहिला दोष उतरला, आणि त्याहून जड असा दुसरा बसला. पण या दोषाला आता दोन वाटेकरी होते. तो तिथेच खाली बसला आणि सुमना गेल्यापासून पहिल्यांदा रडला.

राजा छत्र आणि इनाम मागे घेऊन निघून गेला. कालक शिष्यांना घेऊन त्याच्या मागून गेला. संध्याकाळपर्यंत आश्रम ओस पडला.

ही गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे बुद्ध, भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा कालक म्हणजे माझ्याशी वैर धरणारा आजचा देवदत्त. उत्तिय म्हणजे दाराशी बसलेला हा भिक्खू, ज्याला पठण करताना अजूनही रडू येतं. आणि तो आचार्य मीच होतो." सुमना कोण होती, असे एकाने विचारले. शास्त्यांनी दाराशी बसलेल्या भिक्खूकडे पाहिले. मान जात असला, आपली लाज उघडी पडत असली, तरी खरे सांगणे, याला सत्यपारमिता म्हणतात.

सांगणारे इथेच थांबतात. पण उत्तियाला असे टाकून माझ्याने थांबवत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचे सांगतो. आचार्य एकटाच घाटावर आला. त्याला नगर सोडून पैलतीरी जायचे होते. एकही नावाडी उठेना. मातली म्हणाला, "पोहून जा की महाराज. मंत्र आहे ना सोबतीला."

नावेजवळ बसलेला उत्तिय उठला. त्याने आपली पालथी नाव सुलटी केली आणि पाण्यात ढकलली. आचार्य आत बसला. तडकलेल्या फळ्यांतून पाणी येऊ लागले. नदीच्या मध्यावर, जन्माची सवय म्हणून, आचार्याच्या तोंडी तो मंत्र आला.

"नका म्हणू," उत्तिय वल्हे मारता मारता म्हणाला. "अजून ऐकवत नाही."

बोधिसत्त्व अर्ध्या शब्दावर थांबला. मग खाली वाकून ओंजळीने नावेतले पाणी उपसू लागला.