गेनूचा ताठ पाय

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसलेल्या थोरांनो, ही फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा आजाऱ्याला शल्यवैद्याकडे न्यायचं तर दोन डोंगर ओलांडावे लागत.

गेनू नावाचा एक घोंगड्या विणणारा होता. त्याच्या बायकोचं, ठकूचं, गुडघ्याजवळचं हाड सडलं. वैद्यबुवांनी पाय चिरून सडका तुकडा काढला, टाके घातले आणि तिला महिनाभर आपल्याकडेच ठेवून घेतलं.

महिना सरता सरेना. गेनू सवयीने दोघांच्या भाकरी थापायचा आणि उरलेल्या भाकरीकडे बघत बसायचा. तिकडे ठकू प्रत्येक वाटसरूला विचारायची, "आमच्या गावावरून आलात का हो?"

अखेर निरोप आला. गेनूने तोरण बांधलं, रांगोळी काढली, जमीन ताज्या शेणाने सारवली. ठकू काठी टेकत गाडीतून उतरली. घर डोळे भरून पाहत तिने उंबरा ओलांडला, तोच काठी ओल्या सारवणावर घसरली. ती पडली. टाके उसवले. त्याच गाडीतून तिला परत न्यावं लागलं.

"एक घास तरी घरी खायचा होता हो," वाटेत ती एवढंच म्हणाली.

गेनू वैद्यबुवांसमोर रडला. "मी काय कमी केलं, बुवा?"

"तू घर सजवलंस, गेनू," बुवा म्हणाले. त्यांनी त्याच्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत फळी बांधली. "आता गाडीत बस, घरी जा आणि एक दिवस असाच राहा."

त्या दिवशी गेनूला आपलंच घर परकं झालं. जमिनीवरच्या अंथरुणातून उठता येईना. माठापर्यंत हात पोचेना. परसात जाताना, ज्यात पाय सोडून तो विणायला बसायचा, तो मागाचा खड्डा आडवा आला. भिंत धरून उभं राहताना त्याला ठकूची अशी आठवण आली, की तो तिथेच हुंदके देऊ लागला.

फळी सुटताच तो कामाला लागला. उंबरा तासला. विणकाम थांबवून खड्डा फळ्यांनी झाकला. उंच बाज विणली, तिच्याशेजारी माठ ठेवला, भिंतीला धरायला बांबू ठोकले.

दुसरा महिना पहिल्याहून लांब गेला. मग ठकू आली.

पुढच्या सकाळी गेनू दचकून उठला. बाज रिकामी होती. तो धावत परसात गेला. ठकू कोवळ्या उन्हात पाय लांब करून बसली होती.

"अगं, हाक नाही मारलीस?"

"गरजच लागली नाही हो," ती म्हणाली.

म्हणून सांगतो, ज्याची वाट पाहायची, त्याच्या पायांनी आधी आपलं घर चालून पाहावं.