धाकट्या तबकडीचं कडं

यंत्रांना वाचा होती त्या काळी एका लाल स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवर तीन तबकड्या राहत. थोरली वेग दाखवी, मधली पेट्रोल दाखवी आणि इंजिन किती तापलंय ते धाकटी सांगे. धाकटीला सगळ्याचंच कुतूहल.

एकदा गाडीची मालकीण मृदुला चंदेरी कडी घेऊन आली आणि तबकड्यांभोवती एकेक बसवू लागली.

"ताई, हे कशासाठी गं?" धाकटीनं थोरलीला विचारलं.

"शोभेसाठी."

"मग मृदुलाला आपण जास्त नीट दिसू का?"

"किती प्रश्न विचारतेस! गप्प बस."

धाकटीचं कडं जरा जाड निघालं. त्याखाली तिची धोक्याची तांबडी खूण झाकली गेली. पण काचेत आपलं रूप पाहून ती हरखली आणि काही बोलली नाही.

पुढे घाट चढताना इंजिन तापलं. धाकटीचा काटा सरकत कड्याआड गेला. मृदुलानं पाहिलं, पण तिला नुसती चकाकी दिसली. ती गाणं गुणगुणत राहिली.

"आता काय होईल?" धाकटीनं घाबरून विचारलं.

"इंजिन जळेल," मधली म्हणाली. "कडं टाकून दे."

"मग मी कशी दिसेन?"

तिनं काचेत आपलं रूप शेवटचं पाहून घेतलं. धाकटीनं सगळं बळ एकवटून अंग थरथरवलं. कडं निखळून मृदुलाच्या मांडीवर पडलं. तिनं दचकून पाहिलं, तर काटा तांबड्या खुणेवर! तिनं लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली.

इंजिन निवल्यावर गाडी पुन्हा निघाली. थोरली हळूच म्हणाली, "धाकटे, जरा बघ गं, माझ्या कड्याखाली काय झाकलंय?"