एडिलाच्या माहेरचा प्याला

फार वर्षांपूर्वी युरोपात दोन राजांचं हाडवैर मिटावं म्हणून त्यांतल्या एकाची लेक एडिला शत्रूच्या घरी सून होऊन आली. सोबत माहेरचा, दोन कानांचा जडशीळ चांदीचा प्याला होता. सासऱ्याच्या कमरेची तलवार त्याला हिणवत म्हणाली, “नुसता मिरवायला आलास होय रे!”

लग्नाच्या मेजवानीत सासऱ्याला व्याह्यांकडच्या एका पाहुण्याच्या बोटात, लढाईत मेलेल्या आपल्या भावाची अंगठी दिसली. त्याचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

एडिलाने माहेरचा प्याला काठोकाठ भरून त्याच्यापुढे केला. “मामंजी, पहिला मान तुमचा.”

सुनेच्या हातचा प्याला नाकारायची तिथे रीत नव्हती. सासऱ्याने मूठ सोडली, तो प्यायला आणि जरा थांबून त्याने प्याला पाहुण्याला दिला.

“काय जादू केलीस?” तलवारीने विचारलं.

“जादू कसली, ताई! मला धरायला दोन्ही हात लागतात.”