दोराचे वरचे टोक

ज्याच्या हाती आपला प्राण असतो, तो आपला धनी ठरतो काय? उत्तराची घाई करू नका; आधी ऐका.

फार पूर्वी एका उंच कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांचे गाव होते. आग्या मोहोळाची पोळी कड्याच्या पोटात असत. एक जण कमरेला दोर बांधून उतरे, दुसरा वरून दोर धरी. उतरणाऱ्याने आपला दोर धरणारा स्वतः निवडावा, अशी तेथली रीत होती. सारे एका वृद्धालाच निवडत. सुखरूप वर आल्यावर ते आधी देवाला हात जोडत, मग त्याला.

गावच्या नाईकाला हे सलू लागले. "मला भितात, पण मानतात या म्हाताऱ्याला! सारी करामत दोराची आहे." त्याने हुकूम काढला, "आजपासून दोर मी धरणार."

दुसऱ्याच दिवशी एक तरुण उतरला. तो अर्ध्यावर असताना नाईकाने दोर अडवला.

"नाईक, वर घ्या! माश्या उठल्या!"

"आधी म्हण, मी तुमचा गुलाम."

"गुलाम तर गुलाम! पण ओढा हो!"

"मोठ्याने. गावाला ऐकू दे."

तेवढ्यात माश्या वर आल्या आणि नाईकाला डसल्या. त्याने दोर टाकला आणि तोंड झाकून पळ काढला. दोर सरसर घसरला. जवळच उभ्या असलेल्या वृद्धाने झेप घेऊन तो धरला. माश्या त्यालाही डसल्या, तळहात सोलले. पण त्याने तरुणाला वर घेतलेच.

तरुणाने त्याच्या पायांवर डोके ठेवले. "आबा, हा जन्म तुमचा."

"देवाचा म्हण, पोरा. त्याने मला हात दिले."

माश्या शांत झाल्यावर नाईक परत आला, तेव्हा वृद्ध त्याच्याकडे वळला. "नाईक, दोर हिसकावलात, तेव्हा सत्ता मिळाली. अधिकार मिळाला नाही. तो देणारा खाली लोंबकळत असतो."

गावाने नाईकाला शिक्षा केली नाही. मात्र त्याच्यासाठी मध काढायला कोणी कड्यात उतरेना. अखेर तो स्वतःच कमरेला दोर बांधून निघाला. तोच तरुण पुढे झाला.

"द्या नाईक, मी धरतो."

तरुणाच्या मनात कपट नव्हते. पण नाईकाने त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि त्याला तेथे स्वतःचेच मन दिसले. दोर त्याच्या मुठीतून सुटेना. तो तसाच परतला.

सत्ता भीतीवर उभी राहते, अधिकार विश्वासावर. आणि ज्याने दुसऱ्याचा विश्वास मोडला, त्याला मरेपर्यंत कोणावरही विश्वास टाकता आला नाही.